सदसद्विवेकबुद्धी ही कोणाची मिरास?

मुंबई-आग्रा महामार्गावरील पिंपळगाव बसवंत हे निफाड तालुक्यातील मोठ्या बाजारपेठेचे गाव. द्राक्षे, कांदा आणि टोमॅटो यांची येथे मोठी उलाढाल होते. जेथे माल आला तेथे काटा आला, आणि जेथे काटा आला तेथे ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोगही आला. काट्याला हात लावणाऱ्याला हा शब्द ऐकवणारा शेतकरी कोणत्याही धर्मपीठाचा पदवीधर नसतो. त्याच्या घरातली म्हातारी नातवाला बजावते, ‘मनाची नाही, निदान जनाची तरी लाज धर.’ या एका म्हणीत नीतिशास्त्राचा गाभा सामावलेला आहे. माणसाला आवरणाऱ्या शक्ती दोन. एक आतली, दुसरी बाहेरची. आणि त्यांत पहिला मान आतलीचा. लोकलाज हा केवळ दुसरा, उणा उपाय.

हे सांगण्याचे कारण असे, की समाजाच्या नैतिक ऱ्हासाची चर्चा निघाली की एक युक्तिवाद हटकून पुढे केला जातो. पाश्चात्त्य ख्रिस्ती प्रचारसाहित्यातून तो आला आणि आता इंग्रजी शिकलेल्या आपल्या तरुणांच्या तोंडीही ऐकू येतो. तो थोडक्यात असा: प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात बरे-वाईट सांगणारा एक उपजत आवाज आहे, हा आवाज ईश्वरानेच ठेवलेला आहे, माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलेले असूनही तो या आवाजाविरुद्ध वागतो, कारण त्याचा स्वभावच मुळातून पतित आहे, आणि म्हणून ख्रिस्ताच्या कृपेवाचून त्याला तरणोपाय नाही. सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाचे ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ हे १९५२ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक याच पायावर उभे आहे. युक्तिवादाचा पूर्वार्ध कोणालाही पटावा असा आहे. प्रश्न उत्तरार्धाचा आहे. विवेक उपजत असेल तर तो सर्व मानवजातीचा ठेवा झाला. मग त्याच्या दारावर एकाच पंथाचे कुलूप कसे?

एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले

ख्रिस्ती विचारातील ही ओढाताण आजची नाही. ती मुळापासूनची आहे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मान्य केले आहे, की ज्यांना मोशेचे नियमशास्त्र मिळाले नाही अशा परराष्ट्रीयांच्याही अंतःकरणावर धर्माचा नियम लिहिलेला असतो आणि त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्याची साक्ष देते. हे वचन उदार आहे, यात शंका नाही. परंतु त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात एका माणसाच्या, म्हणजे आदामाच्या, अपराधाने पाप आणि मरण सर्व मानवजातीत शिरल्याचे सांगितले आहे. दुसऱ्या अध्यायातला माणूस स्वतःच्या अंतःकरणाला जबाबदार आहे. पाचव्या अध्यायातला माणूस मात्र अन्य कोणाच्या अपराधाचा वारस आहे. या दोन माणसांचा मेळ घालण्यात चर्चची सोळा-सतरा शतके गेली.

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाचा ब्रिटनकडील साधू सांगू लागला, की ईश्वराने आज्ञा दिली याचाच अर्थ ती पाळण्याचे सामर्थ्यही माणसाला दिले. जे करणे शक्यच नाही ते न केल्याबद्दल शिक्षा कशी होईल? कोणत्याही भारतीय मनाला हे बोलणे सरळ वाटावे. परंतु संत ऑगस्टिनने त्याचा कडाडून विरोध केला आणि ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलाजियसची मते पाखंड ठरवली. आदिपापाच्या सिद्धांताचा शेवट कोठे होतो हे ऑगस्टिनच्या तर्कात उघड दिसते. बाप्तिस्मा न होता मरण पावलेले तान्हे मूलही त्याच्या मते दंडास पात्र ठरते. फक्त तो दंड सर्वांत सौम्य असतो, एवढीच त्याने सवलत दिली. पुढे मध्ययुगात अशा बालकांसाठी नरकाच्या सीमेवर ‘लिंबो’ नावाची जागा कल्पिण्यात आली. अशी बालके मुक्त होतील अशी आशा धरण्यास आधार आहे, असा निष्कर्ष व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशशास्त्रीय आयोगाने आपल्या दस्तऐवजात काढला तो २००७ साली. ज्या निष्कर्षाला कोणतीही आई क्षणात पोहोचते, तेथे पोहोचण्यास पंडितांना दीड हजार वर्षे लागली. मग यात उपजत विवेक कोणाचा जागा होता, आईचा की पंडितांचा?

सोळाव्या शतकात हाच वाद पुन्हा पेटला. इरॅस्मसने १५२४ साली इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने ग्रंथ लिहिला. त्याला मार्टिन लूथरने पुढच्याच वर्षी उत्तर दिले, आणि त्या उत्तराचे नावच मुळी ‘बद्ध इच्छा’ अशा अर्थाचे आहे. कॅल्विनच्या अनुयायांनी तर १६१८-१९ मध्ये डॉर्ट येथे भरलेल्या परिषदेत ठरवून टाकले, की कोणाचा उद्धार व्हायचा याची निवड ईश्वराने आधीच केलेली आहे. रोमन चर्चची भूमिका इतकी टोकाची नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ट्रेंटच्या परिषदेने इच्छास्वातंत्र्य दुबळे झाले पण नष्ट झालेले नाही, असे म्हटले. तरी मूळ अडचण सुटत नाही. रोगी दुबळा म्हणा वा मृतप्राय म्हणा, औषध एकाच दुकानात मिळते हा आग्रह दोन्हीकडे कायम आहे.

गोव्याच्या भूमीवरील परीक्षा

सिद्धांताची खरी परीक्षा आचरणात होते. इच्छास्वातंत्र्य ही ईश्वराची देणगी असेल तर तिच्यावर बळजबरी करणे हा ईश्वराचाच अवमान ठरेल. तरीही १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय उभे राहिले आणि मधला चार वर्षांचा खंड सोडता ते १८१२ पर्यंत चालले. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने घरात जुना एखादा आचार पाळला, तुळस जपली, लग्नात पूर्वापार रीत केली, एवढ्यावरून त्याची चौकशी होऊ शके. त्या काळात त्या घरांतून आतल्या आवाजाला कोणी विचारले होते? धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीरनाम्याद्वारे मान्य केले ते ७ डिसेंबर १९६५ रोजी. गोव्यातील न्यायालयाच्या स्थापनेनंतर चारशे पाच वर्षांनी.

येथे आजच्या ख्रिस्ती बांधवांना त्यांच्या पूर्वजांच्या दोषांसाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही. तसे केले तर आदिपापाचाच सिद्धांत आपण उचलल्यासारखे होईल. मुद्दा एवढाच, की ज्या संस्थेला स्वतःच्या विवेकाची वाट सापडण्यास चार शतके लागली, तिने इतरांच्या विवेकाला ‘पतित’ म्हणताना चार वेळा विचार करावा.

लोकमान्यांचे उत्तर

या प्रश्नाला महाराष्ट्राने उत्तर दिलेले आहे, आणि तेही आवेशाने नव्हे, शास्त्राने. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ अनेक घरांत कपाटाची शोभा म्हणून ठेवलेला असतो. त्याची दोन प्रकरणे तरी प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने काढून वाचावीत. सहावे प्रकरण ‘आधिदैवतपक्ष’ तपासते. अंतःकरणात सदसद्विवेकरूपी एक स्वतंत्र देवता बसलेली आहे आणि तिचा कौल हाच अंतिम निर्णय, असे मानणारा हा पक्ष. पश्चिमेकडील ख्रिस्ती धर्मोपदेशकांना तो प्रिय आहे, याची टिळकांनी नोंद घेतली आहे. त्यांनी हा पक्ष थट्टेवारी नेला नाही. आपल्याकडेही मनाची साक्ष प्रमाण मानण्याची परंपरा आहे, हे त्यांनी दाखवले. कालिदासाचा दुष्यंत शकुंतलेविषयी संशयात पडतो तेव्हा तो आपल्या अंतःकरणाच्या ओढीलाच प्रमाण मानतो. परंतु तेथे कवीने एक अट घातलेली आहे. हे प्रमाण सज्जनांच्या अंतःकरणाचे आहे. चोराच्या अंतःकरणाची ओढ प्रमाण होत नाही.

या अटीतच सगळा भेद आहे. सदसद्विवेक ही कोणी वेगळी देवता नसून निर्णय करणाऱ्या बुद्धीचेच ते एक काम आहे, आणि गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे ती बुद्धी सात्त्विक, राजस वा तामस असू शकते, असा टिळकांचा निष्कर्ष आहे. ती जन्मजात आहे, पण तयार नाही. तिला घासावे लागते. हे मत मान्य केले की दोन माणसांच्या विवेकाचे कौल भिन्न का येतात, एकाच माणसाचा विवेक पंचविशीत वेगळे आणि पन्नाशीत वेगळे का सांगतो, याचा उलगडा होतो. ईश्वराचा थेट आवाज मानला तर मात्र उलगडा होत नाही. कारण ईश्वर एका घरात एक आणि शेजारच्या घरात दुसरे सांगेल, असे कोणी म्हणणार नाही.

दहाव्या प्रकरणाचे नाव ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’. पूर्वकर्माचे बंधन खरे असेल तर माणूस स्वतंत्र कसा, या अवघड प्रश्नाला ते भिडते. मनात उठणाऱ्या इच्छा पूर्वसंस्कारांनी बांधलेल्या असतात हे टिळक मान्य करतात. परंतु त्या इच्छांच्या मागे असलेला आत्मा बांधलेला नाही आणि त्याच्या प्रेरणेने माणूस स्वतःला वर काढू शकतो. प्रकरणाच्या नावात स्वातंत्र्य आहे ते आत्म्याचे. आपणच आपले मित्र आणि आपणच आपले शत्रू, या गीतेच्या शिकवणीचा अर्थ हाच. कर्मसिद्धांतात माणसाच्या पाठीवर ओझे आहे, पण ते त्याचे स्वतःचे आहे. म्हणून ते उतरवण्याचा अधिकारही त्याचाच.

पिंपळगाव परिसरातील द्राक्ष बागायतदाराला हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. त्याची वेल वर्षातून दोनदा छाटली जाते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तेव्हा पुढच्या पिकाची काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते, तेव्हा घड बाहेर पडतात. छाटणी चुकली तर वेल माजते, पाने दाट होतात, आणि मग डावणी व भुरी यांना आवतण मिळते. म्हणून कोणी वेलीला मुळातून सडकी म्हणत नाही. ती चांगली आहे म्हणूनच तिच्यावर कष्ट घेतले जातात. बायबलमध्येही द्राक्षवेलीचा आणि छाटणीचा दृष्टान्त आहे; पण तेथे ख्रिस्तरूपी वेलीला चिकटून न राहिलेली फांदी वाळते आणि अग्नीत टाकली जाते. हिंदू विचारात मात्र प्रत्येक वेलीला स्वतःचे मूळ आहे आणि प्रत्येकीला पुढचा हंगाम आहे. संस्कार या शब्दाचा अर्थ यापेक्षा वेगळा काय आहे?

विवेक जागा झाला, तेव्हा काय घडले?

ज्या मराठी माणसांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांच्या अनुभवातूनही हा प्रश्न पाहण्यासारखा आहे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्या विदुषी होत्या आणि आपला निर्णय त्यांनी स्वतःच्या बुद्धीने घेतला होता. परंतु त्रैक्याचा सिद्धांत, अथेनेशियसचा मतांगीकार, चर्चच्या अधिकाऱ्यांची आज्ञा या बाबतींत त्यांनी प्रश्न विचारण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांना आज्ञापालनाचा आणि नम्रतेचा उपदेश मिळू लागला. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. एका पुरोहितशाहीचे जोखड उतरवून दुसरीचे मानेवर घेण्यास आपण तयार नाही, ईश्वराने आपल्याला स्वतंत्र सदसद्विवेकबुद्धी दिली आहे, अशी त्यांची भूमिका त्या पत्रांतून स्वच्छ दिसते. रमाबाई अखेरपर्यंत ख्रिस्ती राहिल्या आणि त्यांच्या सेवाकार्याविषयी आदरच बाळगला पाहिजे. पण धर्म सोडताना स्वागतार्ह वाटलेला त्यांचा विवेक चर्चला प्रश्न विचारताच गर्व कसा ठरला, हा प्रश्न शिल्लक राहतो.

नाशिकशी निकटचा संबंध असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची कथाही बोलकी आहे. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावर. मिशनमध्ये दोन दशके काम केल्यावर टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही स्थान होते. परदेशी मिशनच्या चौकटीत या मराठी भक्ताचा जीव रमला नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या भूमीत वाढलेल्या मनाला भक्तीच्या वाटेवर जकातनाका खपला नाही, असेच म्हणावे लागेल.

घटनेने कोणाचे स्वातंत्र्य राखले?

भारतीय राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदात धर्मप्रसाराच्या आधी ‘सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य’ हे शब्द येतात, याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. रेव्हरंड स्टॅनिस्लाउस विरुद्ध मध्य प्रदेश सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले, की आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याच्या अधिकारात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा अधिकार येत नाही. कारण तसे मानले तर सर्व नागरिकांना दिलेल्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यालाच धक्का लागेल. तरीही नोव्हेंबर १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीस आले असता त्यांनी तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे मोठे पीक कापले जाण्याची आशा व्यक्त केली. शेतकऱ्याला ठाऊक असते, की पीक कापणाऱ्याला कणसाची संमती लागत नाही. माणसाची मात्र लागते. आजारी, कर्जबाजारी, एकाकी माणसाला आधी तो पापी असल्याची खात्री पटवायची आणि मग मुक्तीचा मार्ग दाखवायचा, यात त्याच्या विवेकाचा सन्मान कोठे राहिला?

कलियुगाची सबब

परंतु एवढ्यावर थांबून स्वतःची पाठ थोपटून घेतली तर ते अर्धसत्य होईल. आदिपापाचा सिद्धांत आपण मानत नाही. पण त्याची जागा आपल्याकडे दुसऱ्या एका सबबीने घेतली आहे. भ्रष्टाचार झाला, ‘कलियुग आहे.’ मुलाने म्हाताऱ्या आईबापांना टाकले, ‘कलियुग आहे.’ शेजारी उपाशी राहिला, ‘त्याचे प्रारब्ध.’ लोकमान्यांनी ज्या कर्मसिद्धांतातून पुरुषार्थाचे शस्त्र घडवले, त्याचीच आपण उशी केली आणि तिच्यावर डोके ठेवून झोपलो. पतित स्वभावावर खापर फोडणारा आणि पतित युगावर खापर फोडणारा, यांच्यात फरक तो कोणता?

या झोपेची किंमत नाशिक जिल्ह्यानेच देशाला दाखवली आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षे चालला. ज्याने शबरीची बोरे खाल्ली त्या रामाचे दार त्याच्याच भक्तांसाठी उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. तेव्हा तुरुंगाच्या भिंती नव्हत्या, इन्क्विझिशन नव्हते; निद्रिस्त होता तो आपला, हिंदू समाजाचा विवेक. बाबासाहेबांनी एकवीस वर्षे विचार केला आणि १९५६ साली नागपुरात बुद्धाचा धम्म स्वीकारला. ज्या मार्गात दुसरा कोणी आपले पाप वाहून नेत नाही, आपला दिवा आपणच व्हायचे असते, असा याच मातीतला मार्ग त्यांनी निवडला, हे मननीय आहे. अस्पृश्यता हे पाप नसेल तर जगात दुसरे काहीच पाप नाही, अशा आशयाचे उद्गार बाळासाहेब देवरस यांनी १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत काढले. त्या उद्गारात परक्या मिशनवर एकही शब्द खर्च केलेला नव्हता. प्रथम आपले अंगण, हा त्याचा अर्थ होता.

म्हणून नैतिक ऱ्हासाला खरे उत्तर कोणत्याही प्रचारसभेत नाही आणि केवळ तिच्या निषेधातही नाही. ते घरात आहे. संध्याकाळी दिवा लागल्यावर मुलाने दिवसभरात काय केले हे विचारणारे कोणी घरात आहे काय? वडील दूरध्वनीवर ‘मी घरी नाही असे सांग’ म्हणतात तेव्हा मुलाच्या मनात कोणती छाटणी होते? काट्यावर बोट ठेवणारा, लाच देऊन सातबारा उताऱ्यावरील नोंद करून घेणारा, सुनेच्या माहेराकडे डोळा ठेवणारा माणूस सकाळी स्नान करून स्तोत्र म्हणतो, तेव्हा त्या स्तोत्राचे मोल त्याच्या घरातली मुले बरोबर जाणतात. आणि वस्तीतल्या दुःखी माणसाकडे आपण गेलो नाही, तर जो जाईल त्याचे तो ऐकेल. त्याबद्दल जाणाऱ्याला दोष देण्याआधी न गेलेल्याने स्वतःला विचारावे.

सदसद्विवेकबुद्धी ही कोणत्याही चर्चची मिरास नाही. तशी ती हिंदूंचीही मिरास नाही. मिरास बापाकडून मुलाला आयती मिळते, विवेक तसा मिळत नाही. तो प्रत्येक पिढीला पुन्हा कसावा लागतो. जो कसतो त्याचाच तो असतो.